एका रेणूची तार आणि पाण्याचे दहा रेणू

फोन भिजला की आपण घाबरतो, कारण पाण्यामुळे सर्किट शॉर्ट होऊ शकतं. पण तारच एका रेणूएवढी असेल तर? तिथे थेंबाचीही गरज नाही, हवेतला दमटपणा पुरतो.

एका रेणूतून करंट मोजायचा कसा?

सोन्याचं टोक सोन्याच्या पृष्ठभागाला टेकवायचं आणि हळूच मागे ओढायचं. मधला सोन्याचा धागा ताणला जाऊन तुटतो आणि जवळचा एखादा रेणू त्या फटीत पुलासारखा अडकतो. रेणूच्या दोन्ही टोकांना गंधक असेल तर तो सोन्याला घट्ट धरतो. दरवेळी जोड थोडा वेगळा बनतो, म्हणून हे हजारो वेळा करून सरासरी चित्र काढतात. फट फक्त काही नॅनोमीटरची, तर पाण्याचा रेणू साधारण 0.3 नॅनोमीटरचा. म्हणजे पाण्याला आजूबाजूला बसायला भरपूर जागा!

पाणी नेमकं काय करतं?

2009 मध्ये ब्रिटनमधल्या लिव्हरपूल आणि लँकेस्टरच्या संशोधकांनी थायोफीनच्या कड्या जोडून बनवलेले रेणू तपासले. सर्वांत लांब रेणूची वाहकता पाण्याच्या सान्निध्यात शंभर पटींहून जास्त वाढली, आणि एवढ्या बदलाला पाण्याचे जेमतेम दहा रेणू पुरतात.

इथे करंट पाण्यातून वाहत नाही. पाण्याच्या रेणूची एक बाजू किंचित धन, दुसरी किंचित ऋण असते. हे चिमुकले प्रभार तारेच्या रेणूतल्या ऊर्जापातळ्या सरकवतात. ती पातळी धातूतल्या इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेजवळ आली की इलेक्ट्रॉनला पलीकडे जाणं सोपं होतं.

धातू कोणता, यानेही फरक पडतो. सोन्याला पाणी सैलसर चिकटतं, प्लॅटिनमला जास्त घट्ट. 2008 मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनच्या गटाने अतिथंड तापमानात प्लॅटिनमच्या दोन टोकांमध्ये पाण्याचाच रेणू अडकवून त्यातून करंट मोजला. म्हणजे तिथे पाणी हीच तार!

मग आपण काय लक्षात ठेवायचं?

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचं ठरलेलं वाक्य असतं, ‘माझ्या मशीनवर तर चालतंय.’ रेणूच्या बाबतीतही तसंच आहे. कोरड्या आणि दमट हवेतले आकडे वेगळे येणार असतील, तर नुसती ‘या रेणूची वाहकता इतकी’ ही माहिती अर्धवट ठरते. धातू कोणता आणि भोवती पाणी किती, हेही सांगायला हवं. मात्र हीच अडचण उलटी वापरली, तर मोजक्या रेणूंची चाहूल घेणारा सेन्सर बनवण्याची वाट त्यातूनच निघते.