विश्लेषण : पन्नास वर्षांची इटालियन मोटरसायकल सांभाळणे इतके अवघड का?

जुनी इटालियन मोटरसायकल दिसायला देखणी, पळायला वाघ आणि दारात उभी राहिली की खिशाला भोक, असा समज जगभर आहे. तो निम्माच खरा आहे. १९७०च्या दशकातील डुकाटी आणि मोटो गुत्सी या दोन्ही कंपन्यांच्या मोठ्या गाड्या आता पन्नाशी ओलांडत आहेत. दोन्हींच्या इंजिनात ९० अंशांत मांडलेले दोन सिलिंडर. तरीही एकीचे टॅपेट मालक रविवारी सकाळी चहा होईपर्यंत सेट करतो आणि दुसरीसाठी जाणकार मेकॅनिकची महिनोन्महिने वाट पाहतो. हा फरक नशिबाचा नाही. तो अर्ध्या शतकापूर्वी ड्रॉइंग बोर्डवर घेतलेल्या निर्णयांचा आहे.

महाराष्ट्राला इटालियन दुचाकी नवी नाही. १९५०च्या दशकात मुंबईत ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने लॅम्ब्रेटा बांधली. पुढे पुण्यात बजाजने पियाजिओच्या परवान्यावर व्हेस्पा बनवली. ही स्कूटर रुसली तर तिरकी करायची, प्लग पुसायचा आणि किक मारायची, एवढे ज्ञान घरटी होते. ती सर्वांसाठी बनवलेली गाडी होती. बोलोन्यात बनलेली मोठी डुकाटी मात्र शर्यतीतून रस्त्यावर आलेली गाडी आहे.

इमोलाच्या शर्यतीत काय झाले?

२३ एप्रिल १९७२ रोजी इटलीतील इमोला येथे २०० मैलांची शर्यत झाली. मैदानात एमव्ही अगुस्टावर स्वार झालेला जगज्जेता जाकोमो अगोस्तिनी होता. जिंकला मात्र डुकाटी ७५०वरचा इंग्रज पॉल स्मार्ट. दुसरा आला त्याच कंपनीचा ब्रुनो स्पाजारी. ही गाडी शर्यतीसाठी वेगळी घडवलेली नव्हती, तर रस्त्यावरच्या ७५० जीटीच्या सांगाड्यातून तयार केलेली होती. त्यामुळे डुकाटीचे नाव एका दिवसात मोठ्या मोटरसायकलींच्या यादीत गेले.

या विजयाची आठवण म्हणून १९७४मध्ये ७५० सुपर स्पोर्ट आली. हिरवट चौकटीच्या या गाड्या जेमतेम ४०० बनल्या. आज लिलावात त्यातील काहींना लाख डॉलरहून जास्त किंमत मिळाली आहे. साहजिकच साध्या ७५० जीटीला सुपर स्पोर्टचे सोंग देऊन विकण्याचे प्रकारही होतात.

‘डेस्मो’ म्हणजे नेमके काय?

नेहमीच्या इंजिनात कॅम व्हॉल्व्हला ढकलून उघडतो आणि बंद करण्याचे काम स्प्रिंग करते. इंजिन फार वेगाने फिरू लागले की स्प्रिंगला व्हॉल्व्ह वेळेत ओढून घेता येत नाही. व्हॉल्व्ह अधांतरी राहतो, खालून पिस्टन येतो आणि दोघांची धडक झाली तर इंजिनाचा तिथेच निकाल लागतो. १९५०च्या दशकात स्प्रिंगचे पोलादही आजच्याइतके भरवशाचे नव्हते. त्या तुटत.

यावर उपाय म्हणजे स्प्रिंगवर विसंबायचेच नाही. दाराला स्प्रिंग लावण्याऐवजी एक माणूस दार ढकलायला आणि दुसरा ते ओढून घ्यायला ठेवावा, तशी ही रचना आहे. एक कॅम व्हॉल्व्ह उघडतो, दुसरा तो बंद करतो. कल्पना डुकाटीची नव्हे. मर्सिडीजने १९५४च्या शर्यतीच्या मोटारीत ती वापरली होती. पण १९५४मध्येच डुकाटीत आलेले अभियंते फाबियो तालिओनी यांनी ती मोटरसायकलमध्ये बसवून दाखवली. १९५६मध्ये त्यांच्या १२५ सीसी डेस्मोने पदार्पणातच स्वीडनची ग्रां प्री जिंकली. १९६८मध्ये ही रचना विक्रीच्या गाडीतही आली.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. त्या काळातील प्रत्येक मोठी डुकाटी डेस्मो नाही. ७५० जीटी आणि ७५० स्पोर्ट यांना साध्या व्हॉल्व्ह स्प्रिंगच होत्या. पहिल्यांदा जुनी डुकाटी घेणाऱ्याला जीटी सुचवली जाते, त्यामागचे एक कारण हेच.

काम नेमके कुठे वाढते?

डेस्मोत प्रत्येक व्हॉल्व्हला दोन मापे असतात, उघडण्याचे आणि बंद होण्याचे. दोन सिलिंडर, चार व्हॉल्व्ह, म्हणजे आठ मापे. ती स्क्रू फिरवून जुळत नाहीत. प्रत्येक ठिकाणी ठरावीक जाडीचा धातूचा छोटा तुकडा, म्हणजे शिम, बसवावा लागतो. फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजायचा. हवी ती जाडी डबीत नसेल तर मागवायची किंवा आहे तो शिम घासून त्या मापाला आणायचा.

बंद होण्याच्या बाजूचे शिम काढणे त्याहून नाजूक. ते जागेवर धरणाऱ्या अर्ध्या कड्या नखाएवढ्याही नसतात. त्या निसटून इंजिनाच्या पोटात गेल्या, तर अर्ध्या दिवसाचे काम आठवड्याचे होते. म्हणून अनुभवी मेकॅनिक पाना हातात घेण्याआधी सगळी भोके कापडाच्या बोळ्यांनी बुजवतो.

हे झाले व्हॉल्व्हपुरते. या इंजिनांत क्रँकपासून कॅमपर्यंत शक्ती नेण्यासाठी साखळी नाही. उभा दांडा आहे आणि त्याच्या दोन्ही टोकांना तिरप्या दात्यांचे बेव्हल गिअर आहेत. हे दाते एकमेकांत किती खोल बसावेत, तेही शिम लावूनच ठरते. जास्त घट्ट बसले तर इंजिन शिट्टीसारखे कण्हते, सैल राहिले तर खडखडते. कारखान्यात हे काम मुरलेले हात करीत आणि त्याला वेळ लागे. ते परवडेनासे झाल्यावर १९७९च्या पँटा ५००मध्ये तालिओनींनीच बेव्हलऐवजी दातेरी रबरी पट्टे आणले. आज बेव्हल डुकाटीला जी किंमत येते, त्यात या सोडून दिलेल्या मेहनतीचाही वाटा आहे.

खरा मोठा खर्च मात्र क्रँकचा. बिग एंडला रोलर बेअरिंग आहे आणि ते बदलायचे तर दाबून जोडलेली क्रँक प्रेसवर सुटी करून, पुन्हा सरळ रेषेत जोडावी लागते. सुरुवातीच्या गोल झाकणाच्या इंजिनांत तेलासाठी कागदी फिल्टरही नव्हता, फक्त जाळी होती. बारीक कचरा जाळीतून पुढे जातो आणि बेअरिंग खातो. त्यामुळे अनेक मालक दर दीड-दोन हजार किलोमीटरला तेल बदलतात. तेलाचे चार डबे आणि क्रँकची दुरुस्ती यांच्या खर्चाची तुलनाच होऊ शकत नाही. ‘इटालियन इंजिन टिकत नाही’ ही तक्रार पुष्कळदा न बदललेल्या तेलाची असते.

डुकाटी स्वतः अजून डेस्मोवर ठाम आहे का? सरसकट नाही. २०२०मध्ये आलेल्या मल्टिस्ट्राडा व्ही ४ या लांब पल्ल्याच्या गाडीत कंपनीने साध्या स्प्रिंग वापरल्या आणि व्हॉल्व्ह तपासणी थेट ६० हजार किलोमीटरवर नेली.

मोटो गुत्सी वेगळी कशी?

कोमो सरोवराच्या काठावरील मांडेल्लो देल लारिओ इथे १९२१पासून असलेल्या या कंपनीने अगदी वेगळा विचार केला. जुलिओ चेझारे कार्कानो यांनी आखलेले व्ही ७चे इंजिन गाडीत आडवे बसते, म्हणजे दोन्ही सिलिंडर डाव्या-उजव्या बाजूंनी बाहेर डोकावतात. वारा दोघांनाही सारखा लागतो. झाकणाचे बोल्ट काढले की टॅपेट समोर, टाकीही उतरवावी लागत नाही. फिलर गेज सरकवायचे, स्क्रू फिरवायचा, नट आवळायचा. क्रँकला मोटारीसारखी साधी बेअरिंग, क्लचही मोटारीच्या धाटणीचा कोरडा आणि मागच्या चाकाला साखळीऐवजी शाफ्ट. इटलीच्या आणि अमेरिकेतील लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी या गाड्या घेतल्या, त्यामागे हा साधेपणा होता.

म्हणजे गुत्सीत खोट नाही असे नव्हे. १९७०च्या दशकातील अनेक मॉडेलांच्या सिलिंडरला आतून क्रोमचा मुलामा होता. गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली की तो पापुद्र्यासारखा सुटतो आणि ते कण तेलात मिसळतात. जाणकार अशा गाडीला नवे निकासिल मुलाम्याचे सिलिंडर घालूनच रस्त्यावर आणतात. १९७६च्या ८५० ल माँवर जीव जडलेल्याने हा खर्च आधीच धरून चालावे.

विजेचा प्रश्न दोन्हींकडे सारखा. स्विच, जोडण्या आणि अर्थिंग हा त्या काळच्या इटालियन गाड्यांचा कच्चा दुवा. ब्रेगान्झेच्या लाव्हेर्दाने, जिच्या घराण्याचा मूळ धंदा शेतीच्या यंत्रांचा, ७५० मॉडेलसाठी बॉशची विद्युत सामग्री आणि जपानी मीटर घेऊन ही अडचण सोडवली. बाकीच्यांच्या मालकांना आज नवी वायरिंग टाकावी लागते. काम कंटाळवाणे, पण अवघड नाही.

पेट्रोलच शत्रू झाले आहे का?

७५० सुपर स्पोर्टची टाकी फायबर ग्लासची होती. तिच्या एका बाजूला रंग न दिलेली पारदर्शक उभी पट्टी असे. आत पेट्रोल किती उरले, ते बाहेरून दिसावे म्हणून. इमोलाच्या शर्यतीतून आलेली ही खूण संग्राहकांना सर्वात प्रिय आहे आणि आज तीच सर्वात धोक्यात आहे.

इथेनॉल जुन्या फायबर ग्लासमधील रेझिन मऊ करते. टाकी फुगते, रंगाला फोड येतात आणि विरघळलेला चिकटा पेट्रोलसोबत कार्ब्युरेटरमध्ये जातो, कधी व्हॉल्व्हवर बसतो. लोखंडी टाकी वितळत नाही, पण इथेनॉल हवेतील पाणी ओढते आणि गंज आतून चढतो. जुन्या रबरी नळ्या आणि सील फुगतात ते वेगळेच. युरोपात अनेक देशांत इथेनॉलचे प्रमाण दहा टक्क्यांपर्यंत आहे. भारतात २०२३पासून २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल टप्प्याटप्प्याने आले आणि आता बहुतेक पंपांवर तेच मिळते.

मालक काय करतात? कोणी टाकीला आतून अस्तर देतो, कोणी मूळ टाकी कपाटात ठेवून ॲल्युमिनियमची बनवून घेतो, कोणी फेरी झाली की टाकी कोरडी करतो. मूळ टाकी काढली की गाडी ‘अस्सल’ राहिली का, यावर संग्राहकांत वाद आहेत. गाडी चालवायची असेल तर टाकी बदलणेच शहाणपणाचे.

चालवताना काय वेगळे वाटते?

सुरुवातीलाच पाय गोंधळतात. १९७०च्या सुरुवातीच्या अनेक इटालियन गाड्यांचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. अमेरिकेने डाव्या गिअरची सक्ती केल्यावर १९७४च्या सुमारास ही पद्धत बदलली. गुत्सीच्या १९७५च्या ८५० टी ३वर पायाचा ब्रेक दाबला की मागच्या चाकासोबत पुढची एक डिस्कही लागते.

बेव्हल डुकाटीच्या दोन चाकांमधले अंतर सुमारे दीड मीटर आहे. पल्सर १५०चे १ हजार ३२० मिलिमीटर. त्यामुळे शहरात वळवताना ही गाडी जड आणि हट्टी वाटते, पण लांब वळणावर एकदा कलली की रुळावर बसल्यासारखी जाते. गुत्सी उभ्या जागी रेस केली तर एका बाजूला झुकते. क्रँक गाडीच्या लांबीच्या दिशेत फिरत असल्याचा तो परिणाम, बिघाड नाही.

भारतात अशी गाडी ठेवता येईल का?

केंद्राने २०२१मध्ये केलेल्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपातील दुचाकींची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होते. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात आणि नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये आहे. मात्र प्रदर्शन, रॅली, देखभाल, इंधन भरणे अशा कारणांसाठीच ती रस्त्यावर काढता येते, रोज ऑफिसला नेता येत नाही. इटलीत ३० वर्षांहून जुन्या वाहनाला मालकी कर माफ आहे, रस्त्यावर काढले तर किरकोळ शुल्क भरावे लागते. त्यामुळे तिथे या गाड्या रविवारी घाटात दिसतात. सुटे भाग शोधायला सप्टेंबरमध्ये इमोलाच्या ट्रॅकवर मोठा जुना बाजार भरतो. तिथे कार्ब्युरेटरच्या जेटपासून अख्ख्या इंजिनापर्यंत सारे जमिनीवर मांडलेले असते.

विकत घेताना काय पाहावे?

आधी कागद. चौकट आणि इंजिन यांचे क्रमांक, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे क्रँक कोणी, कधी बांधली याची बिले. बिले नसतील तर क्रँकचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी सुरू करावीत. मग तेलाची जाळी काढायला सांगावे. त्यात चकाकणारे कण दिसले तर पुढे बोलण्यासारखे फारसे उरत नाही. शेवटी आवाज. तो थंड इंजिनाचाच ऐकायचा, कारण गरम इंजिन सहज सुरू होते आणि थंड असतानाच्या खोडी लपवते. गेल्यावर सायलेन्सरजवळ हात नेऊन पाहावा. विक्रेत्याने गाडी आधीच गरम करून ठेवली असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता पुन्हा जावे.