जुन्या स्लाइड घरच्या घरी स्कॅन कशा कराव्यात?

कोकणचा माणूस रोजीसाठी मुंबईस गेला, बोटीवर गेला, आफ्रिकेत व आखातात गेला. परतताना काहींनी कॅमेरा आणला, रंगीत स्लाइडही आणल्या. असा एखादा डबा मालवण-देवगडकडे कुणाच्या माळ्यावर असेल तर तो या पावसाळ्यापूर्वी खाली काढावा. स्लाइडचा वरचा थर जिलेटिनचा असतो. खाऱ्या, दमट हवेत त्यावर बुरशी चढते आणि बुरशीने खाल्लेले चित्र परत मिळत नाही. दुकानाची जुनी पाटी, कारागिराच्या हातचा नमुना, हयात नसलेले वडीलधारे, सर्व त्याबरोबर जाते.

आता हिशेब पाहू. कापडाचा पोत आपण इंचातील तारा मोजून ठरवतो. स्कॅनिंगचेही तसेच आहे. एका इंचात किती ठिपके, त्याला डीपीआय म्हणतात. ३५ मिमी स्लाइडचे चित्र अवघे २४ × ३६ मिमी असते. २४०० डीपीआयने सुमारे ३४०० × २२६७ ठिपके मिळतात, म्हणजे ११ × ७ इंचांची स्वच्छ छपाई. ४००० डीपीआयने ५६६९ × ३७८० मिळतात, म्हणजे सुमारे १९ × १२ इंच. घरच्या कामास यापुढे जाण्याची सहसा गरज नाही.

खोक्यावर छापलेल्या आकड्यावर भुलू नये. काचेच्या सपाट स्कॅनरवर ६४०० लिहिलेले असले तरी प्रत्यक्षात टिपला जाणारा तपशील त्याहून पुष्कळ कमी असतो. तसेच स्कॅनरच्या झाकणात फिल्मसाठी दिवा हवा, नाहीतर स्लाइड काळीच येईल. दुसरा मार्ग कॅमेऱ्याचा. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा, मॅक्रो लेन्स, स्टँड आणि मागे एकसारखा पांढरा प्रकाश. चित्र चौकटभर घेतल्यास सुमारे ४२०० डीपीआय पडतात. मोबाइलचा पडदा दिवा म्हणून वापरल्यास मध्ये दुधी काच थोड्या अंतरावर ठेवावी, अन्यथा पडद्याची जाळी चित्रात उतरते.

स्लाइडवरील धूळ फुंकणीने व मऊ ब्रशने काढावी. बुरशी असल्यास पाणी लावू नये, थर विरघळू शकतो. अशा स्लाइड वेगळ्या ठेवाव्यात. इन्फ्रारेडने धूळ मिटवण्याची सोय बहुतेक रंगीत फिल्मवर चालते, परंतु चांदीच्या कृष्णधवल फिल्मवर चालत नाही आणि कोडाक्रोमवर भरवशाची नाही.

मूळ प्रत टिफमध्ये ठेवावी. ४००० डीपीआयची एक फाइल सुमारे ६४ एमबी होते, ५०० स्लाइडना ३२ जीबी लागतात. एक प्रत घरी, दुसरी मुंबईच्या किंवा परदेशातल्या नातलगाकडे द्यावी.

स्कॅन झाले म्हणून स्लाइड फेकू नयेत. कोडाक्रोम फिल्म १९३५ साली आली, २००९ साली बंद झाली; ती आता कोणी बनवत नाही. सिलिका जेलसह घट्ट डब्यात ठेवाव्यात.

घरातील तरुणाचा हात बसला तर शेजाऱ्यांचे कामही घ्यावे. मात्र दर प्रति स्लाइड आधी ठरवावा, नग मोजून पावती द्यावी आणि मोजूनच परत करावेत. आम्ही व्यापारी इतके सांगू की, कापड हरवले तर भरून देता येते; स्लाइड लोकांची अमानत आहे, तिचे मोल भरता येत नाही.