नोकरीपूर्व पार्श्वभूमी पडताळणी आणि अप्रत्यक्ष वंशभेद : अमेरिकेतील अनुभव

नोकरी देण्यापूर्वी उमेदवाराची पात्रता, पूर्वानुभव व गुन्हेविषयक पूर्वेतिहास तपासण्याच्या प्रक्रियेस पार्श्वभूमी पडताळणी असे म्हणतात. या पडताळणीचा नियम सर्वांना समान असूनही प्रत्यक्षात एखाद्या वंशाचे उमेदवार त्यामुळे अधिक प्रमाणात वगळले जात असतील आणि संबंधित कामासाठी त्या नियमाची आवश्यकता सिद्ध होत नसेल, तर तो अप्रत्यक्ष वंशभेद होय. येथे मालकाचा हेतू गौण ठरतो. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचा असा अर्थ अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर या खटल्यात लावला.

गुन्ह्यांच्या नोंदीस हे तत्त्व कसे लागू होते, हे ग्रीन विरुद्ध मिसुरी पॅसिफिक रेलरोड (१९७५) या खटल्यावरून स्पष्ट होते. किरकोळ वाहतूक गुन्हे वगळता कोणत्याही गुन्ह्यात शिक्षा झालेल्या व्यक्तीस नोकरी न देण्याचे या रेल्वे कंपनीचे धोरण होते. सेंट लुईस येथे कारकुनाच्या जागेसाठी अर्ज करणाऱ्या कृष्णवर्णीय उमेदवाराचा गुन्हा कोणता, तर सक्तीच्या लष्करभरतीस नकार! कारकुनी कामाशी त्याचा संबंध काय, हा प्रश्न कंपनीला पडलाच नाही. सप्टेंबर १९७१ ते नोव्हेंबर १९७३ या काळात ३,२८२ कृष्णवर्णीय अर्जदारांपैकी १७४, तर ५,२०६ श्वेतवर्णीयांपैकी ११८ जण याच धोरणामुळे नाकारले गेले. म्हणजे दर हजारी अनुक्रमे सुमारे ५३ व २३. अपील न्यायालयाने ही सरसकट बंदी अवैध ठरविली. पुढे १९७७ मध्ये त्याच खटल्यात गुन्ह्याचे स्वरूप व गांभीर्य, मध्यंतरी लोटलेला काळ आणि कामाचे स्वरूप हे तीन निकष मान्य झाले. समान रोजगार संधी आयोगाची २०१२ ची मार्गदर्शक तत्त्वेही त्यांवरच आधारलेली आहेत.

अर्जातील गुन्ह्याविषयीचा रकाना काढून टाकणे हा वरकरणी सोपा उपाय. तथापि, अमांडा एगन व सोंजा स्टार यांच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात न्यू जर्सी व न्यूयॉर्क शहरातील मालकांना काल्पनिक अर्ज पाठविले असता वेगळेच चित्र दिसले. रकाना असताना श्वेतवर्णीयांना समान पात्रतेच्या कृष्णवर्णीयांपेक्षा ७ टक्के अधिक प्रतिसाद मिळत होता. रकाना गेल्यावर ही तफावत ४३ टक्क्यांवर गेली. नोंद दिसेनाशी होताच मालक वर्णावरूनच तर्क करू लागले, असा याचा अर्थ लावता येतो.

एप्रिल २०२५ च्या अध्यक्षीय आदेशाने अशा प्रकरणांतील शासकीय अंमलबजावणीस दुय्यम स्थान दिले. मात्र १९९१ च्या दुरुस्तीने कायद्यात समाविष्ट झालेली यासंबंधीची तरतूद आदेशाने रद्द होत नाही. त्यामुळे बाधित उमेदवारास स्वतः न्यायालयात जाण्याचा मार्ग खुला राहतो, खर्चाचा भार मात्र त्याच्यावरच येतो.