रामेन, चकोल्या आणि भुरका : एका वाटीतून शिकण्यासारखं बरंच काही



'रामेन' हा शब्द आता आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या तिसरी-चौथीच्या वर्गातही ऐकू येतो. कुणी मोबाईलवर नरुटो बघतो, कुणाची ताई कोरियन मालिका बघते. मग घरी हट्ट सुरू होतो, "आई, मला तसंच पाहिजे!" पालक आपल्याला विचारतात, "हे रामेन म्हणजे मॅगीच ना? पोरांना द्यावं की नाही?"

"नाही म्हणजे नाही" हे उत्तर सोपं आहे, पण त्यातून मूल काही शिकत नाही. दुसरी एक गोष्टही होते. परदेशी वाटी 'भारी' आणि डब्यातल्या चकोल्या 'गावठी' असं मुलांच्या मनात बसायला लागतं. डबा झाकून खाणारी मुलं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. म्हणून या लेखात रामेन नीट समजून घेऊ, आपल्या स्वयंपाकघराशी त्याचं नातं बघू आणि घरी-वर्गात काय करता येईल तेही पाहू.

रामेन म्हणजे नेमकं काय?

सोप्या भाषेत, रश्शात घातलेल्या गव्हाच्या लांब शेवया. हा पदार्थ जपानचा म्हणून ओळखला जातो, पण त्या शेवया तिथे चीनमधून आल्या. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी योकोहामासारख्या बंदरांत चिनी लोक राहायला आले, त्यांच्यासोबत हा पदार्थ आला. १९१० मध्ये टोकियोच्या असाकुसा भागात 'रायरायकेन' नावाचं दुकान निघालं आणि रामेन सामान्य माणसाच्या परवडीचं जेवण झालं. म्हणजे मुळात हे कामगारांचं, पोटभरीचं खाणं. आपल्याकडच्या झुणका-भाकरीसारखं म्हणा ना!

रामेनच्या वाटीत पाच गोष्टी असतात :

१. शेवया – गव्हाच्या पिठाच्या.
२. रस्सा – हाडं, मासे किंवा भाज्या तासन्‌तास उकळून काढलेलं पाणी.
३. तारे – वाटीच्या तळाशी घालायचं खारट-चवदार मिश्रण. सोया सॉसचं असेल तर 'शोयु', आंबवलेल्या सोयाबीनचं असेल तर 'मिसो', नुसत्या मिठाचं असेल तर 'शिओ' रामेन.
४. सुगंधी तेल – वर तरंगणारं.
५. वरची सजावट – अंडं, भाजी, कांद्याची पात, मांसाचे काप वगैरे.

आता हीच यादी आपल्या भाषेत वाचून बघा. रस्सा आपल्याला सांगायला नको. तारे म्हणजे आपल्या वाटणाचं काम करणारी वस्तू. आणि सुगंधी तेल? तर्री पोह्यांवरची तर्री आठवा! 'तारे' आणि 'तर्री' या शब्दांचा एकमेकांशी संबंध नाही, पण रश्शावर तेलाचा तवंग कशासाठी हवा हे विदर्भातल्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही. तेलात मसाल्याचा वास धरून राहतो आणि रस्सा जास्त वेळ गरम राहतो.

पापडखार आणि पिवळी शेवई

रामेनच्या शेवया किंचित पिवळ्या आणि लवचिक असतात. बऱ्याच जणांना वाटतं अंड्यामुळे. काहींमध्ये अंडं असतंही, पण खरं कारण 'कान्सुई' नावाचं खारं पाणी आहे. त्यात सोडियम आणि पोटॅशियमचे कार्बोनेट असतात. हे आम्लारिधर्मी पाणी पिठात मिसळलं की गव्हातलं ग्लुटेन घट्ट, चिवट होतं, आणि पिठातले एरवी रंग न दिसणारे घटक पिवळे दिसू लागतात.

आपला पापडखार याच घराण्यातला. उडदाच्या पापडात आपली आई-आजी तो घालते, तेव्हा तीही पीठ आणि आम्लारी यांचाच प्रयोग करत असते.

आपल्या शेवया कमी आहेत का?

चीनमध्ये लाजिया इथे उत्खननात पालथ्या पडलेल्या एका वाडग्याखाली सुमारे ४००० वर्षांपूर्वीच्या शेवया सापडल्या. २००५ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. त्या राळ्यासारख्या भरडधान्याच्या होत्या, असं संशोधकांनी सांगितलं. एवढ्या जुन्या काळापासून माणूस पिठाचे दोरे काढतो आहे.

आपल्याकडे चैत्र-वैशाखात घरोघरी चालणारं काम आठवा. बन्सी गव्हाचा रवा-मैदा भिजवायचा, चांगला तिंबायचा आणि पाटावर हाताने वळत वळत दोरा काढायचा. पाटावरच्या शेवया केसासारख्या बारीक येतात, त्या हाताच्या कसबामुळे. नंतर खाटेला लावायचं शेवयांचं यंत्र आलं. एकीने गोळा घालायचा, दुसरीने दांडा फिरवायचा, तिसरीने दोरे काठीवर टाकून वाळवायचे. शेजारच्या चार बाया जमल्याशिवाय हे काम होतच नसे.

शिवाय बोटवे, नखुले, गव्हले, मालत्या हे वळवटाचे प्रकार. काडीभोवती कणकेची दोरी गुंडाळून केलेले, आंब्याच्या रसासोबत खायचे सरगुंडे. गव्हाच्या चिकाच्या कुरडया. आणि रश्शातल्या कणकेचा आपला पदार्थ म्हणजे चकोल्या! कुठे कुठे त्यांना 'वरणफळं'ही म्हणतात. लाटलेल्या पोळीचे तुकडे फोडणीच्या वरणात शिजवायचे, वरून तूप. गव्हासोबत तुरीची डाळ असल्यामुळे त्यात प्रथिनंही चांगली मिळतात. ही वाटी रामेनपेक्षा कुठेही कमी नाही, हे मुलांना आपण मोठ्याने सांगायला हवं.

फरक एकच लक्षात घ्या. चकोल्या वरणातच शिजतात, म्हणून वरण दाट होतं, आणि ते आपल्याला हवंच असतं. रामेनच्या शेवया मात्र वेगळ्या पाण्यात उकळून निथळतात, म्हणजे पिठामुळे रस्सा गढूळ होत नाही.

मग पाकिटातले नूडल्स?

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये अन्नाची टंचाई होती. रामेनच्या गाडीपुढे लागलेल्या लांब रांगा मोमोफुकु आंदो यांनी पाहिल्या होत्या. घरामागच्या छोट्या शेडमध्ये प्रयोग करून १९५८ मध्ये त्यांनी झटपट नूडल्स बाजारात आणले. १९७१ मध्ये कपातले नूडल्स आले. भारतात मॅगी १९८३ मध्ये आली.

यातली युक्ती मुलांना नक्की सांगा. शेवया आधी वाफवतात, मग गरम तेलात तळतात. तळताना आतलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं आणि त्याच्या जागी बारीक छिद्रं राहतात. गरम पाणी टाकलं की ते छिद्रांतून आत शिरतं आणि शेवई पुन्हा मऊ होते. म्हणजे पाकिटातली वडी आधीच शिजलेली आणि तळलेली असते. म्हणूनच मुलं ती कोरडीच कुडुमकुडुम खाऊ शकतात.

काळजीची गोष्ट आहे ती मीठ आणि सवय. कोरडी वडी खाताना मुलं मसाल्याची पुडी बोटाने चाटतात. त्या पुडीत मीठ भरपूर असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, लहान मुलांनी त्याहून कमी. पाकिटावर 'सोडियम' लिहिलेलं असतं, त्याला २.५ ने गुणलं की मीठ मिळतं. समजा, १०० ग्रॅममध्ये १००० मिलिग्रॅम सोडियम लिहिलं आहे आणि पाकीट ७० ग्रॅमचं आहे. मग सोडियम ७०० मिलिग्रॅम, आणि मीठ १.७५ ग्रॅम. मोठ्या माणसाच्या दिवसभराच्या मिठाचा तिसरा हिस्सा एका पाकिटात संपला!

जून २०१५ मध्ये शिसं आणि लेबलवरच्या मजकुरावरून मॅगीवर देशभर बंदी आली होती. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द करून पुन्हा तपासण्या करायला सांगितल्या आणि नोव्हेंबरमध्ये मॅगी परत दुकानांत आली. यातून आपण एक सवय घ्यायची : अफवेवर न जाता पाकिटाची मागची बाजू वाचायची.

आपलं सोयाबीन, त्यांचा रस्सा

हा मुद्दा आपल्या जिल्ह्यासाठी खास महत्त्वाचा. यवतमाळात कापूस, तूर आणि सोयाबीन ही मुख्य पिकं. आपल्या मुलांना सोयाबीनचं कुटार माहीत आहे, मळणीयंत्र माहीत आहे, बाजारातला भाव माहीत आहे. पण सोयाबीन ताटात कसं येतं ते विचारलं तर फार तर तेल आणि सोयाबीन वड्या एवढंच सांगतील.

रामेनची शोयु आणि मिसो ही दोन्ही रूपं सोयाबीनवरच उभी आहेत. शिजवलेल्या सोयाबीनला 'कोजी' नावाच्या बुरशीची साथ देऊन महिनोन्‌महिने आंबवतात. त्यात प्रथिनांचे तुकडे होऊन ग्लुटामेट तयार होतं आणि रश्शाला खोल चव येते. या चवीला 'उमामी' हे नाव १९०८ मध्ये किकुने इकेदा या जपानी शास्त्रज्ञाने दिलं. पिकलेल्या टमाट्यातही ती असते. सोयाबीनमध्ये जवळपास ३५ ते ४० टक्के प्रथिनं असतात. आपल्याच शेतातल्या दाण्याची ही किंमत मुलांना कळायला हवी.

घरी करून बघा (चार जणांसाठी)

रस्सा : दीड लिटर पाण्यात भाजलेला एक कांदा, सहा-सात लसूण पाकळ्या, आल्याचा तुकडा, दोन टमाटे, गाजर आणि कोबीचे दांडे घालून मंद आचेवर ४० मिनिटं उकळा. गाळून घ्या. भाजलेले तीळ आणि शेंगदाणे प्रत्येकी दोन चमचे वाटून मिसळा, रस्सा दाट होतो.

शेवया : बाजारातले साधे गव्हाचे नूडल्स किंवा कणकेची पातळ पोळी लाटून कापलेल्या लांब पट्ट्या वेगळ्या पाण्यात शिजवा. पाटावरच्या शेवया वापरल्या तर एक-दोन मिनिटांतच काढा, नाहीतर त्यांचा गाळ होतो.

तर्री : दोन चमचे तेलात ठेचलेला लसूण आणि थोडं तिखट.

वाटीत आधी एक चमचा सोया सॉस, मग रस्सा, मग शेवया. वर मोड आलेली मटकी, पालक, उकडलेलं अंडं, सांबार (कोथिंबीर) आणि शेवटी तर्री. सोया सॉस खारट असतो, वेगळं मीठ टाकू नका. लगेच खा, कारण शेवया रस्सा पिऊन फुगतात. आणि उकळता रस्सा मुलांच्या हातात देऊ नका, थोडा निवू द्या.

हॉटेलात गेलात तर

आपल्याकडच्या चायनीजच्या गाडीवर मंचाव सूप मिळतं, त्यावर तळलेल्या शेवया असतात. ते रामेन नाही, पण त्याच गोतावळ्यातलं आहे. आपल्या विदर्भातच गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ नॉर्गेलिंग ही तिबेटी वसाहत १९७२ पासून आहे. तिबेटी लोकांच्या घरचा 'थुक्पा' हाही शेवयांचा रस्साच.

नागपूर-पुण्याकडे रामेन मागवताना दोन प्रश्न विचारा. रस्सा कशाचा आहे? वर भाज्या दिसल्या तरी खाली डुकराच्या हाडांचा किंवा माशाचा रस्सा असू शकतो. शाकाहारी कुटुंबांनी हे विचारायलाच हवं. आणि मुलाला अंडं, सोयाबीन, तीळ किंवा शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर आधी सांगा.

जपानमध्ये रामेन आवाज करत ओढून खाणं वाईट समजत नाहीत. शेवई थोडी निवते आणि वासही नाकापर्यंत पोहोचतो. आपल्याकडे त्याला छान शब्द आहे, भुरका! कढीचा भुरका मारणाऱ्या मुलाला रागवण्याआधी हे आठवा.

वर्गात काय घेता येईल?

• विज्ञान : हळदीच्या पाण्यात पापडखाराचं पाणी टाका. रंग लालसर होतो. आम्लारीची ओळख पक्की.
• गणित : रिकामी पाकिटं आणायला सांगून सोडियमवरून मीठ काढा.
• भूगोल : नकाशावर चीन, जपान, तिबेट आणि यवतमाळ दाखवून शेवयांचा प्रवास रेखाटा.
• भाषा : आजीला विचारून वळवटाच्या प्रकारांची नावं लिहून आणा. प्रत्येक गावात एखादा नवा शब्द निघेल.

शेवटचा उपक्रम आधी घ्या, असं मी सुचवेन. पाटावर शेवया वळणाऱ्या आज्या आता गावात मोजक्याच उरल्या आहेत. त्यांना एक दिवस शाळेत बोलवा, पाट मांडू द्या, मुलांना दोरा ओढून बघू द्या. रामेन खायची मुलांची हौस भागवा, पण आपल्या गावातली हातोटी आधी त्यांना बघू द्या.

तुमच्याकडे चकोल्यांना काय म्हणतात, तेही मुलांकडून लिहून घ्यायला विसरू नका.