दारापर्यंतचं आरोग्य (भाग ४) : ओळखीचाच माणूस

गेल्या आठवड्यात आपण अलास्कातल्या कम्युनिटी हेल्थ एडची हकिकत पाहिली. १९५०च्या दशकात क्षयाच्या गोळ्या वाटायला गावोगावचे स्वयंसेवक पुढे आले आणि १९६८पासून सरकारी पैशावर त्याचा रीतसर कार्यक्रम झाला, इथपर्यंत आलो होतो. याच कार्यक्रमात पुढे बिहेवियरल हेल्थ एड दाखल झाले. त्यांची गाठ ताप-खोकल्याशी नाही. दारू, नैराश्य, घरातली मारहाण, आत्महत्येचे विचार हे त्यांचं क्षेत्र.

अलास्कातल्या कस्कोक्विम नदीवरचं बेथेल म्हणजे आसपासच्या युपिक आदिवासींच्या खेड्यांचं तालुक्याचं ठिकाणच म्हणा. पण तिथून खेड्यांकडे जायला बारमाही रस्ता नाही. उन्हाळ्यात होडी, हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून स्नोमोबाईल, नाहीतर छोटं विमान. हवा बिघडली की तेही बंद. चार-पाचशे वस्तीच्या अशा गावात मानसोपचारतज्ज्ञ राहायला येत नाही, आलाच तर टिकत नाही. मग दर वेळी नव्या पाहुण्यापुढे आपलं दुःख पहिल्यापासून कोण उगाळणार? म्हणून गावातल्याच माणसाला शिकवायचं ठरलं.

त्यासाठी पदवी लागत नाही. प्रमाणपत्राच्या चार पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर त्रास ओळखणं, योग्य जागी पाठवणं आणि गावात जागृती करणं. मग व्यसनाची तपासणी व उपचार. तिसऱ्या पायरीवर व्यसन आणि मानसिक आजार दोन्ही असलेल्यांचं पुनर्वसन. चौथ्या पायरीवरचा माणूस इतरांना सांभाळून घेतो. प्रमाणपत्राचं नूतनीकरण दर दोन वर्षांनी. आणि प्रत्येकाच्या मागे एक परवानाधारक तज्ज्ञ, बहुतेक वेळा फोनवर किंवा व्हिडिओवर.

काम मात्र नुसत्या टेबल-खुर्चीवर होत नाही. युपिक माणसाला समोरासमोर बसवून थेट प्रश्न विचारला तर तो गप्प होण्याचीच शक्यता जास्त. सामन मासा कापताना, जाळं ओढताना, नाहीतर वाफेच्या न्हाणीघरात तोच माणूस बोलू लागतो. गावचा एड हे कुठल्या पुस्तकातून शिकत नाही. तो तिथलाच असतो. समोरच्या आजोबांना निवासी शाळेत मातृभाषा बोलल्याबद्दल शिक्षा झाली होती, हे त्याला विचारावं लागत नाही. १९७६मध्ये कोर्टातल्या तडजोडीत राज्याने गावोगाव हायस्कूल काढायचं कबूल करेपर्यंत बहुतेक खेड्यांत हायस्कूलच नव्हतं, मुलांना घर सोडून दूर जावं लागे. तुटलेपणाची मुळं तिथवर जातात.

बरीच खेडी दारूबंदीची आहेत. आपल्याकडे बाया मतदान करून बाटली आडवी करतात तसं तिथेही मतदानानेच ठरतं, आणि आपल्यासारखीच चोरटी दारू तिथेही पोचते. घरोघर शिकारीच्या बंदुका असतात. मन ढासळलेल्या माणसाच्या घरातली बंदूक कुलपात ठेवायला घरच्यांना राजी करणं हे एडचं काम मला साऱ्या समुपदेशनाहून मोलाचं वाटतं. शिकारीवर जगणाऱ्या घराला बंदूक टाकून दे म्हणता येत नाही. कुलूप लाव म्हणता येतं, आणि तेही ओळखीच्याने म्हटलं तरच.

पण ही ओळख महागात पडते. दवाखान्याबाहेर कोणाची स्नोमोबाईल उभी आहे, हे गावभर दिसतं. तिथे गुप्तता पाळायची म्हणजे रोजची कसरत. रात्री दार वाजतं ते चुलतभावाच्या मुलासाठी. कोणी जीव दिला तर गावाला सावरायचं काम एडचंच, आणि गेलेला मुलगाही त्याच्या नात्यातला. म्हणून फोनपलीकडचा तो तज्ज्ञ नुसता अधिकारी नव्हे. एडचं ऐकून घेणारा कोणी नसेल, तर ही सारी योजना एका माणसाच्या पाठीवर टाकलेलं स्वस्तातलं ओझं ठरते.

पदवी नसलेला माणूस हे काम करू शकतो का, ही शंका आपल्याकडेही घेतली गेली. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने प्रशिक्षित साध्या समुपदेशकांना प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवून पाहिलं. २०१०मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले, त्यात सरकारी केंद्रांतल्या रुग्णांना फायदा दिसला. तिथेही डोक्यावर मानसोपचारतज्ज्ञाची देखरेख होतीच. आता आपल्या आशाताईंच्या तपासणी-फॉर्ममध्येही उदासीबद्दलचे दोन प्रश्न आले आहेत. त्यांच्या उत्तरांतून उदासी दिसली तर आशाताईने फोन कोणाला लावायचा, हे ठरवून दिल्याशिवाय ते प्रश्न तिच्या हातात देणं मला गैर वाटतं.