सहा वर्षांचे पीक

दहावीचा निकाल लागला की आमच्या महाविद्यालयाच्या कचेरीपुढे पालकांची रांग लागते. मला दरवर्षी एकच प्रश्न विचारला जातो : "सर, सध्या कोणत्या शाखेला स्कोप आहे?" प्रश्न रास्त आहे. घरातली शिल्लक मुलांच्या शिक्षणावर लावायची, तर ती वाया जाऊ नये असे कोणालाही वाटणारच. मी मात्र त्यातील एका शब्दापाशी अडखळतो. तो शब्द म्हणजे 'सध्या'.

विद्यार्थी मित्रांनो, आज दहावी झालेला मुलगा किंवा मुलगी अभियंता होऊन बाहेर पडते ती सहा वर्षांनी. पगाराचा आकडा आजचा, नोकरी मात्र सहा वर्षांनंतरची. या विलंबामुळे काय घडते ते पाहू.

कांदा पिकवणाऱ्या घरातील वाचकांना ही गोष्ट नवी नाही. लासलगावच्या बाजारात भाव चढला की जो तो कांदा लावतो. चारेक महिन्यांनी सगळ्यांचा कांदा एकदमच बाजारात येतो आणि भाव कोसळतो. मग पुढच्या खेपेस लावणी कमी होते आणि भाव पुन्हा चढतो. याचा आलेख काढला तर कोळ्याच्या जाळ्यासारखी आकृती उमटते. म्हणून अर्थशास्त्रात याला 'कोळिष्टक सिद्धांत' म्हणता येईल. निकोलस काल्डॉर या अर्थशास्त्रज्ञाने १९३४ मध्ये त्याला कोळ्याच्या जाळ्याचे नाव दिले.

पदवी हेही असेच एक पीक आहे, फक्त ते तयार व्हायला वर्षे लागतात. हार्वर्ड विद्यापीठातील रिचर्ड फ्रीमन यांनी १९७६ मध्ये अमेरिकेतील अभियंत्यांच्या बाबतीत हेच दाखवले. अभियंत्यांचे सुरुवातीचे वेतन वाढले की त्या शाखेकडे ओढा वाढतो. चार वर्षांनी ती मोठी तुकडी एकदम बाहेर पडते आणि वेतन दबते. ते पाहून नवे विद्यार्थी पाठ फिरवतात आणि पुढे पुन्हा तुटवडा पडतो.

आता वही-पेन्सिल घ्या. समजा, एका प्रदेशाला दरवर्षी १०० अभियंते लागतात, पण यंदा ६० च मिळाले. तुटवडा ४० चा. पगार वाढले. जितका तुटवडा तितकेच जास्त विद्यार्थी या शाखेकडे वळले, तर पुढची तुकडी १४० ची होईल. आता ४० जण जादा. म्हणून त्यानंतरची तुकडी ६० ची. हा झोका कधीच थांबणार नाही. पण विद्यार्थ्यांनी निम्म्यानेच प्रतिसाद दिला, तर तुकड्या ६०, १२०, ९०, १०५ अशा होत जातात आणि झोका हळूहळू १०० पाशी स्थिरावतो. उलट, दीडपटीने प्रतिसाद दिला तर ६० नंतर १६० आणि त्यानंतर अवघे १०! म्हणजे अडचण शाखेत नाही. सर्वांनी एकाच आकड्याकडे पाहून एकाच दिशेने धावण्यात आहे.

प्रत्यक्षातील आकडे इतके नेटके नसतात, पण झोका दिसतो. मार्च २००० नंतर अमेरिकेत इंटरनेट कंपन्यांचे शेअर कोसळले. तेजीच्या काळात प्रवेश घेतलेले विद्यार्थी मात्र शिकतच होते. २००३-०४ मध्ये तेथे संगणकशास्त्राच्या सुमारे ५९ हजार पदव्या दिल्या गेल्या. मंदी पाहून नंतरच्यांनी पाठ फिरवली आणि २००८-०९ मध्ये हा आकडा सुमारे ३८ हजारांवर आला. मागणी पुन्हा वाढली आणि २०२०-२१ मध्ये पदव्या एक लाखावर गेल्या. लगेच २०२२ व २०२३ मध्ये मोठमोठ्या कंपन्यांनी कर्मचारी कपात केली.

माझा एक वर्गमित्र याच झोक्यात सापडला होता. संगणकाचा बोलबाला ऐकून त्याने खाजगी अभ्यासक्रम घेतला आणि तो २००१ मध्ये, नेमका मंदीत, बाहेर पडला. दोन वर्षे त्याने शिकवण्या घेऊन काढली. त्याचे गणित पक्के होते. त्या गणिताने शिकवण्याही मिळवून दिल्या आणि बाजार सुधारल्यावर नोकरीही.

शाखाशाखांच्या मिळकतीत फरक नसतो, असे मी म्हणत नाही. फरक असतो. पण सरासरीचा आकडाही जपून वाचावा. दहा पदवीधरांपैकी नऊ जणांना महिना २० हजार आणि एकाला २ लाख २० हजार मिळत असतील, तर सरासरी ४० हजार येते. प्रत्यक्षात ४० हजार एकालाही मिळत नाहीत! म्हणून सरासरी किती, याबरोबर मधल्या विद्यार्थ्याला किती मिळतात, हेही विचारावे.

तेव्हा शाखा निवडताना तीन प्रश्न स्वतःला विचारा. हा आकडा कोणत्या वर्षाचा आहे? तो पाहून माझ्याबरोबर आणखी किती जण निघाले आहेत? आणि भाव पडला, तरी माझ्या हाती काय उरेल? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे दुसऱ्यांकडून मिळवावी लागतील. तिसऱ्याचे उत्तर तुम्ही रोज अभ्यासाला बसता तेव्हा थोडे थोडे तयार होत असते.