चालतो म्हणून सुरक्षित नव्हे – जुन्या संगणकाबद्दल चार शब्द

सभासद बंधू-भगिनींनो,

ऊस नोंदीसाठी गावोगाव फिरताना अलीकडे पुष्कळ घरी मुलांच्या शिक्षणासाठी घेतलेला जुना संगणक दिसतो. त्यावरच सातबारा काढतात, ऊसबिल जमा झाले का पाहतात, बँकेचे पैसेही पाठवितात. अशाच एका घरी मी म्हटले, "नाना, ह्यावर विंडोज सात आहे. बँकेचा व्यवहार ह्यावरून करू नका." नाना म्हणाले, "चाली राह्यनं ना साहेब, मंग कसाले बदलानं?"

बेणे बदला म्हटले की "उगवतंय ना!" असेच उत्तर मिळते. म्हणून थोडा खुलासा करतो.

संगणक चालविणाऱ्या मूळ प्रणालीत चोरांना फटी सापडत राहतात. कंपनी त्या बुजविण्यासाठी दर महिन्याला दुरुस्त्या पाठविते. काही वर्षांनी हे काम थांबते. विंडोज एक्सपीचे ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज सातचे १४ जानेवारी २०२० रोजी थांबले. विंडोज दहाची नेहमीची मुदतही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. यंत्र बंद पडत नाही, राखण बंद होते. कुंपण उभे दिसते, पण पडलेले भगदाड बुजवायला कोणी येत नाही. शिवाय नव्या प्रणालीची दुरुस्ती जाहीर झाली की, तीच फट जुन्यात उघडी आहे हे चोराला आयतेच कळते.

हे नुसते भय दाखविणे नव्हे. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाच्या विषाणूने जगभरातील लाखो संगणकांतील फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. त्या फटीची दुरुस्ती कंपनीने १४ मार्चलाच दिली होती. ज्यांनी ती बसविली नाही ते सापडले. मुदत संपलेल्या एक्सपीसाठी तर खास दुरुस्ती हल्ला झाल्यावर निघाली. पुढे २७ जून २०१७ रोजी तीच फट वापरणाऱ्या दुसऱ्या विषाणूने मर्स्क ह्या जहाज कंपनीला गाठले आणि न्हावाशेवा बंदरातील तिच्या धक्क्याचे काम ठप्प झाले. आपल्या खान्देशची केळी जिथून परदेशी जाते, तेच हे बंदर. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर आपली काय कथा!

तेव्हा सभासदांनी पुढील गोष्टी कराव्यात :

१) मुदत संपलेल्या संगणकावरून बँक व्यवहार पूर्ण बंद. त्यासाठी दुरुस्त्या मिळत असलेला मोबाइल वापरावा. मोबाइललाही मुदत असते. सेटिंगमध्ये शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख पाहावी.

२) जुना संगणक फेकू नका. इंटरनेट तोडून हिशेब, टायपिंगसाठी वापरा. परका पेनड्राइव्ह मात्र लावू नका.

३) इंटरनेट लावणे भागच असेल, तर अजून अपडेट मिळणारा ब्राउझर ठेवा. क्रोमने विंडोज सातची साथ २०२३ मध्येच सोडली. अँटिव्हायरस मदत करतो, पण मूळ फट बुजवीत नाही.

४) कागदपत्रे, फोटो यांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या आणि काम होताच डिस्क काढून ठेवा. लावून ठेवलेली प्रतही कुलूपबंद होते.

५) यंत्र पेलत असेल तर नवी विंडोज घ्या. नसेल तर लिनक्स मिंटसारखी प्रणाली फुकट मिळते आणि बऱ्याच जुन्या यंत्रांवर चालते. फुकटात मिळालेली चोरीची विंडोज मात्र नको.

६) पैसे गेलेच, तर लाजू नका, वेळ दवडू नका. ताबडतोब १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

नानांनी संगणक विकला नाही, फक्त नेटची वायर काढली. मजुरांचा हिशेब अजून त्यावरच लिहितात. ऊसबिल म्हणजे वर्षभराचा घाम. तो एका फटीतून वाहून जाऊ नये, एवढीच विनंती.

कळावे,
ऊस विकास अधिकारी